‘अठरा इंची चेन द्या’ म्हटल्यावर लगेच चेन काढून देऊ नका



शेती-अवजारांच्या स्पेअर पार्टचं छोटं दुकान टाकायचंय, जोडीला चेनसॉची दुरुस्ती आणि मशीन भाड्याने देणं सुरू करायचंय, असं म्हणणारे बरेच जण चॅनलवर भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “सर, सुरुवातीला कोणत्या चेन भरून ठेवू?” व्हिडिओत आकडे पटकन पुढे जातात, थांबवून थांबवून बघावं लागतं. म्हणून हा विषय इथे लिहूनच काढला. व्हर्निअर असेल तर हाताशी घेऊन बसा, आणि एखादी जुनी चेनही.

काउंटरवरचं बोलणं साधारण असं होतं. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, “शेठ, अठरा इंची चेन द्या.” आपण विचारतो, “मशीन कोणती?” उत्तर येतं, “ती नारंगी.” आता बाजारातल्या निम्म्या मशीन नारंगी. नवा दुकानदार इथे घाई करतो. १८ इंच लिहिलेलं पाकीट काढतो, पैसे घेतो, गिऱ्हाईक खूश. तिसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक चेन पिशवीत घालून परत येतं. चेनला लाकडाचा भुसा लागलेला, म्हणजे ती आता कंपनी परत घेणार नाही. भुर्दंड तुमचा.

मुळात इंच हे बारचं माप आहे, चेनचं नाही. बार म्हणजे ती पुढची लांब पट्टी, जिच्या कडेने चेन फिरते. स्टिलच्या एमएस २५० ला १८ इंची बार असेल तर चेन लागते ६८ ड्राइव्ह लिंकची. स्टिलच्याच मोठ्या बैठकीच्या १८ इंची बारवर, ०.३२५ पिच असेल तर, ७४ लिंकची लागते. हस्कवर्नाच्या ४५० ला १८ इंचावर ७२. आणि आपल्याकडे शेतकऱ्यांच्या घरात सगळ्यात जास्त दिसणारी ती ५२ किंवा ५८ सीसीची चिनी बनावटीची मशीन, तिच्या १८ इंची बारलाही बहुतेक वेळा ७२. सगळे ‘अठरा इंच’च.

मग वाटेल, हस्कवर्ना आणि चिनी दोन्हींना ७२, पिचही दोन्हींची ०.३२५, म्हणजे एकच चेन दोन्हीकडे चालेल. नाही चालत. खरं तर चालते, आणि तीच अडचण आहे.

बसते, पण जुळत नाही

चेन, बार आणि स्प्रॉकेट हे तीन भाग आणि त्यांच्यात जुळवायची चार मापं: पिच, गेज, लिंकची संख्या आणि बारची बैठक. यातलं लिंकचं माप चुकलं तर लगेच कळतं, कारण चेन लहान पडते किंवा लोंबते. बैठक चुकली तर बार बोल्टवर चढतच नाही, किंवा चढला तरी तेलाचं भोक जुळत नाही. जाड चेन बारीक खाचेत शिरतच नाही. या चुका काउंटरवरच पकडल्या जातात, त्यांनी दुकान बुडत नाही.

बुडवते ती बारीक चेन मोठ्या खाचेत. गेज म्हणजे चेनच्या खालच्या दाताची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, जाडी. ती चार प्रकारात येते: १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर. इंचात ०.०४३, ०.०५०, ०.०५८ आणि ०.०६३. बारच्या खाचेची रुंदी याच मापाची हवी. हस्कवर्ना ४५० ची चेन १.३ ची, चिनी ५८ सीसीची साधारण १.५ ची. १.३ ची चेन १.५ च्या खाचेत आरामात बसते. ताण नीट येतो, मशीन सुरू होते, फांदीही कापते. गिऱ्हाईक म्हणतं, भारी!

मग ओंडका लागतो. खाचेत जागा जास्त असल्यामुळे चेन एका बाजूला कलते आणि काप सरळ न जाता वाकडा जातो. माणूस मशीन दाबतो, बार कापात अडकतो, तो उपटून काढतो. कललेली चेन बारच्या कडा एकाच बाजूने खाते. काही दिवसांत बार असा होतो की त्यावर बरोबर गेजची चेन टाकली तरी ती वाकडीच कापते. म्हणजे एका चुकीच्या चेनने बारही संपवला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सैल कललेली चेन बारवरून उतरते. मशीनमध्ये चेन-कॅचर असतो, तो बऱ्याचदा वाचवतो. पण चिनी मशीनवर तो तुटून गेलेला आणि परत लावलाच नाही, असं कितीतरी वेळा पाहतो. उजव्या हाताची बोटं आणि मांडी तिथून वीतभर अंतरावर असते.

आमच्या दुकानात एक बागायतदार आले होते. मशीन चंद्रकोरीसारखा काप देते ही तक्रार. त्याआधी दोन ठिकाणी तीन चेन बदलून झाल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी चेनला दोष दिला गेला, बारकडे कुणी पाहिलं नाही. बारच्या शेपटाकडचा भाग रॉकेलने पुसला, तिथे ०.०५८ कोरलेलं होतं. तिन्ही चेन ०.०५० च्या निघाल्या. (वाकडा काप एका बाजूचे दात जास्त घासल्यानेही येतो, म्हणून आधी दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी बघायची. इथे ती सारखी होती.) त्यांना नवा बार आणि योग्य चेन असा जोड घ्यावा लागला. जास्त पैसे गेले, पण आता ते गावातल्या दुसऱ्यांनाही आमच्याकडे पाठवतात.

पिच मोजायची कशी

पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटांमधलं अंतर, पण शेजारच्या दोन रिव्हेटांमधलं नाही. लागोपाठच्या तीन रिव्हेटांचं अंतर घ्यायचं आणि दोनाने भागायचं. आपल्याकडे फिरणाऱ्या पिच मुख्यतः अशा: ०.३२५, ३/८ लो-प्रोफाइल, ३/८ रेग्युलर, आणि मोठ्या मशीनवर ०.४०४. तीन रिव्हेटांचं अंतर ०.३२५ ला सुमारे साडेसोळा मिलिमीटर, ३/८ ला साडेअठरा ते एकोणीस, ०.४०४ ला साडेवीस.

व्हर्निअर नसेल तर साध्या पट्टीवर दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला फसवतो. त्याला माझी युक्ती सोपी आहे. चेन सरळ ताणून टेबलावर ठेवा, अकरा रिव्हेट मोजा आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंतचं अंतर घ्या. ८२ मिलिमीटरच्या आसपास आलं तर ०.३२५. ९३ ते ९५ आलं तर ३/८. शाळेतली पट्टीही पुरते. फक्त फार झिजलेली चेन लांबलेली असते, हे लक्षात ठेवा.

या पट्टीने ३/८ लो-प्रोफाइल आणि ३/८ रेग्युलर मात्र वेगळे काढता येत नाहीत, आणि दोघांच्या नावात तोच ३/८ असल्याने गल्लत होते. लो-प्रोफाइल चेन बुटकी असते, दात लहान, अंग बारीक. स्टिलच्या एमएस १८० सारख्या लहान मशीनवर ती येते. रेग्युलर ३/८ अंगाने धिप्पाड, मोठ्या इंजिनसाठी. दोघींचे स्प्रॉकेट वेगळे, त्यांची अदलाबदल करायची नाही. शंका असेल तर दोन्ही चेन शेजारी ठेवून बघा, एकदा पाहिलं की विसरत नाही.

पिच तीन ठिकाणी जुळायला हवी: चेन, मागचं ड्राइव्ह स्प्रॉकेट आणि बारच्या टोकातलं छोटं चाक. टोकाचं चाक लोक विसरतात. बारच्या टोकाजवळ दातांची संख्या आणि बारवर पिच लिहिलेली असते. पिच जुळली नाही तर चेन दातांच्या खोबणीत न बसता दातांच्या टोकावर चढते, उड्या मारते, खडखड आवाज येतो, आणि थोड्याच वेळात स्प्रॉकेट, चेन दोन्ही जातात. ज्या बारला टोकाला चाकच नाही, नुसतं घट्ट लोखंडी नाक आहे, तिथे टोकाला पिचचा प्रश्न येत नाही. असे बार आता कमी दिसतात.

चेनवरचा आकडा वाचताना

चांगल्या चेनच्या ड्राइव्ह लिंकवर आकडा ठोकलेला असतो. तो वाचायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. स्टिलच्या चेनला ड्राइव्ह लिंकवर एकच आकडा असतो आणि तो गेज सांगतो: ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६ मिलिमीटर. ओरेगॉनच्या चेनला तिथे मालिकेचा नंबर असतो. २० म्हणजे ०.३२५ पिच, ०.०५० गेज. २१ म्हणजे तीच पिच, ०.०५८ गेज. २२ म्हणजे तीच पिच, ०.०६३. ९१ म्हणजे ३/८ लो-प्रोफाइल, ०.०५०.

आता इथला सापळा बघा. ओरेगॉनच्या ७२ नंबरची चेन ही ३/८ रेग्युलर, ०.०५० गेज. ड्राइव्ह लिंकवर ७२ ठोकलेलं. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, “चेनवर ७२ लिहिलंय,” आणि दुकानदार ७२ लिंकची ०.३२५ ची चेन बांधून एसटीने पाठवून देतो. लिंकची संख्या चेनवर ठोकलेली नसते, ती मोजावीच लागते. जोड्या-जोड्यांनी मोजा आणि जिथून सुरुवात केली तिथे खडूची खूण करा. एका लिंकने चुकलात तरी चेन गेली.

ओरेगॉन कंपनीची गंमत माहीत असू द्या, गिऱ्हाइकाला सांगायला बरी पडते. जोसेफ कॉक्स नावाचा अमेरिकेतला लाकूडतोड्या. त्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहिली, ती डावीकडे-उजवीकडे असा जबडा चालवत लाकूड खात होती. त्यावरून त्याने डावा-उजवा दात आलटून पालटून असलेली चेन बनवली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आज तुमच्या काउंटरवरची चेन, मग ती कुठल्याही कंपनीची असो, त्याच घडणीची आहे.

स्प्रॉकेटकडे कुणी बघत नाही

बाइकचं चेन-स्प्रॉकेट किट आपण सेटनेच बदलतो, नुसती चेन टाकली तर मेकॅनिकच ओरडतो. चेनसॉच्या बाबतीत मात्र तोच माणूस चौथी चेन टाकतो आणि स्प्रॉकेट कंपनीतून आलेलं तेच! झिजलेल्या स्प्रॉकेटच्या दातांत चेनने खड्डे पाडलेले असतात. नवी चेन त्या खड्ड्यांत बसत नाही, ती ओढली जाते आणि लवकर लांबते. खड्डा अर्धा मिलिमीटर झाला की स्प्रॉकेट बदलायचं. ढोबळ हिशेब असा की एका बारच्या आयुष्यात चार चेन आणि दोन स्प्रॉकेट जातात. हा हिशेब गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगा. नंतर सांगितलं तर त्याला वाटतं, दुकानदार जबरदस्तीने माल खपवतोय.

स्प्रॉकेट दोन तऱ्हेचं असतं. एकात दात क्लचच्या ड्रमलाच पक्के असतात, दात झिजले की पूर्ण ड्रम बदलायचा. दुसऱ्यात ड्रमच्या खाचांवर एक वेगळी रिंग बसते, ती एकटी बदलते आणि स्वस्त पडते. रिंग मागवताना पिच आणि दातांबरोबर आतल्या खाचांचं मापही बघा, त्यात लहान आणि मोठं असे दोन प्रकार आहेत. ज्या मशीनमध्ये ड्रम क्लचच्या मागे असतो, तिथे क्लच आधी काढावा लागतो, आणि त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे न कळल्यामुळे पान्यावर उभं राहून क्लच आवळणारे महाभाग मी पाहिलेत.

“सात दाताच्या जागी आठ दाताचं टाकून द्या, स्पीड वाढेल,” अशी मागणी येते. वाढतो, इंजिनचे फेरे तेच राहिले तर चेन साधारण १४ टक्के जोरात पळते. पण तेवढी ताकद कमी होते. बाभूळ, चिंच, जुना आंबा असल्या लाकडात ५८ सीसीची मशीन आठ दातांवर गुरगुरत बसते, क्लच तापतो. शिवाय चेनची लांबीही बदलावी लागू शकते. माझं मत विचाराल तर मशीनसोबत जेवढे दात आले तेवढेच ठेवा.

लांब बारच्या हौशीचंही तेच. २२ इंची बार दिसायला दणदणीत, विकणारेही तोच पुढे करतात. पण जितका बार लांब, तितके जास्त दात एका वेळी लाकडात, आणि तेवढ्या लांबीला तेल पुरवायला पंपही तसा हवा. तेल कमी पडलं की बार निळा पडतो. रोजच्या कामाला ५२-५८ सीसीवर १८ इंची बारच द्या. २० इंचाला या मशीनवर बहुधा ७६ लिंक आणि २२ ला ८६ लागतात, पण ‘बहुधा’ या शब्दावर चेन विकायची नाही. याच मशीनवर वेगळ्या पिचचं स्प्रॉकेट घालून विकलेली मीही पाहिली आहेत.

मग माल कोणता भरायचा

आधी काहीच भरू नका. पंधरा दिवस तालुक्यात फिरा. वखारी, झाडं तोडणारे ठेकेदार, नारळ-सुपारीच्या बागा, मशीन भाड्याने देणारे. प्रत्येक मशीनच्या बारच्या शेपटाचा मोबाइलवर फोटो काढा, चेनच्या लिंक मोजा, स्प्रॉकेटचे दात मोजा, वहीत लिहा. चाळीस-पन्नास मशीन झाल्या की तुम्हाला दिसेल, तुमच्या भागात तीन-चार जोड्यांवरच बहुतेक मशीन चालतात. त्याच भरा. बीबीएच्या पुस्तकात याला इन्व्हेंटरीचं नियोजन म्हणतात, आपल्या भाषेत माल पडून न राहणं.

धंदा जमला की तयार पाकिटांऐवजी चेनचं रीळ घ्या. १०० फुटाच्या ०.३२५ च्या रिळात सुमारे १,८४० ड्राइव्ह लिंक असतात, म्हणजे ७२ लिंकच्या २५ चेन. त्यातूनच ६८ ची, ७६ ची, ८६ ची, हवी तशी तोडता येते. म्हणजे ‘हा आकडा नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही आणि न खपणारी पाकिटं पडून राहत नाहीत. पण रीळ एकाच गेजचं असतं, म्हणून तुमच्या वहीतलं सगळ्यात जास्त चालणारं गेज आधी. रिव्हेट तोडायचं आणि फिरवून बसवायचं अशी दोन हत्यारं लागतात. हातोडीने ठोकून जोडलेली चेन कुणालाही देऊ नका. जोड घट्ट बसला तर लिंक वाकत नाही, सैल राहिला तर पळत्या मशीनवर सुटतो.

चेनसोबत गोल कानस विकताना तिचंही माप जुळवा: ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर, लो-प्रोफाइलला ४. मातीचं, धुळीचं लाकूड कापणाऱ्याला चौकोनी कोपऱ्याच्या दाताची चेन देऊ नका, गोल कोपऱ्याची द्या, तिची धार मातीत जास्त टिकते.

वादळाचे दिवस वेगळे असतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यात नारळ-सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी रस्ता मोकळा करायचा असतो, घरावर झाड पडलेलं असतं, आणि माणूस म्हणतो, “जी असेल ती द्या, बसली म्हणजे झालं.” नेमकं तेव्हाच चुकीची चेन सगळ्यात धोक्याची असते. माणूस दमलेला, झाडं ताणाखाली वाकलेली, नारळाचे तंतू स्प्रॉकेटच्या झाकणात गच्च भरलेले. म्हणून किनाऱ्याजवळ दुकान असेल तर वहीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची एकेक चेन मे महिन्यातच बांधून, नाव लिहून बाजूला ठेवा.

ती वही कशी ठेवायची, तेही सांगतो. गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव, मशीन, बारची लांबी, पिच, गेज, लिंक, स्प्रॉकेटचे दात, ड्रम की रिंग, आणि शेवटचं स्प्रॉकेट कधी बदललं ती तारीख. बारचा फोटो व्हॉट्सॲपवर त्याच्याच नावाने. पुढच्या वेळी तो माणूस फोनवर “अठरा इंची” म्हणाला की तुम्ही त्याला सांगायचं, “दादा, तुमची ७२ ची, पॉइंट शून्य अठ्ठावन्न. आणि या वेळी स्प्रॉकेट पण बघू या, मशीनच घेऊन या.”